आंधळगावला खुबा पाहायला

साकोलीहून भंडाऱ्याच्या बसमध्ये कंडक्टरने विचारलं, "आजी, कोठी चालल्या?" मी सांगितलं, आज भंडारा, तिथून आंधळगाव. "लगन हाये का?"

"नाही. खुबा पाहाले चाललो."

तो हसला. माझी धाकटी जाऊ शांता शेजारी बसली होती, तिने पदर तोंडाला लावला. मी हसले नाही, कारण मी खरंच खुबा पाहायला निघाले होते. आंधळगावच्या एका बाईच्या कमरेतून काढलेला खुबा तिच्या घरी डब्यात ठेवलेला होता. तो पाहून मला माझ्या खुब्याचं ठरवायचं होतं.

आमचं गाव दिघोरी, लाखांदूर तालुक्यातलं. धानाशिवाय तिथे दुसरं काही सांगण्यासारखं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, घसरून मी बांधीत, धानाच्या खाचरात, पडले आणि डावा खुबा मोडला. नागपूरला नवा बसवला. मांडीच्या हाडात धातूचा दांडा ठोकतात, त्याच्या मानेवर धातूचा गोळा बसवतात. कमरेच्या हाडात धातूची वाटी असते आणि तिच्या आत प्लास्टिकची दुसरी वाटी. गोळा त्या प्लास्टिकमध्ये फिरतो. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. सोडताना एवढंच सांगितलं की जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही.

ते सगळं मी पाळलं. मुलाने, विलासने, खुर्चीचा संडास बांधला. लग्नाच्या पंगतीत मी बसत नाही, भिंतीपाशी खुर्ची मागते आणि लोक काय म्हणतात ते म्हणू देते. रोवणीला मात्र दरवर्षी गेले. रोवणी कोणी बसून करत नाही. गुडघे ताठ ठेवायचे, कमरेतून वाकायचं, डाव्या हाताचं कोपर डाव्या मांडीवर टेकून त्या हातात पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी धरायची आणि उजव्या हाताने चिखलात रोप खोचत मागे मागे सरकायचं. दिवसभर. नागपूरच्या डॉक्टरांनी बसू नका म्हटलं होतं. मी बसत नव्हते. आमच्या पन्नास घरांत कोणाच्या डोक्यात आलं नाही की यात काही चुकतंय, आणि नागपूरच्या डॉक्टरांच्या डोक्यात रोवणी आली नाही.

मागच्या उन्हाळ्यात विलासने जबरदस्तीने भंडाऱ्याच्या हाडाच्या डॉक्टरकडे नेलं. मला काही दुखत नव्हतं, पण पाय थोडा आखूड वाटायला लागला होता. डॉक्टरने एक्सरे उजेडावर लावला आणि बराच वेळ पाहिला.

"आजी, काम काय करता?"

"रोवणी, निंदण, कापणी. जे असंल ते."

"रोवणी कशी करता? दाखवा."

मी उभी राहिले आणि त्यांच्या टेबलापुढे वाकून दाखवली. विलास लाजला. डॉक्टर लाजले नाहीत. ते खुर्चीवरून उठून बाजूने पाहायला आले, मग एक्सरेकडे गेले आणि पेनाने एक जागा दाखवली. वाकलं की दांड्याची मान वाटीच्या काठावर आपटते, म्हणाले, आणि गोळा रोज त्याच एका बाजूला दाबला जातो. गोळा मधोमध पाहिजे, तो वर सरकलाय. म्हणजे तिथलं प्लास्टिक संपत आलंय.

"झिजलेलं प्लास्टिक जाते कोठी?" मी विचारलं.

हा प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी पुढचा पेशंट थांबवला. म्हणाले, त्याची भुकटी होते, डोळ्याला न दिसणारी. ती सांध्यातच राहते. शरीर तिला परकं समजतं आणि खायला धावतं. भुकटी काही पचत नाही, आणि त्या झटापटीत शेजारचं हाड खाल्लं जातं. एक्सरेत वाटीच्या मागे काळे डाग होते, ते हाडातले खड्डे.

"मग दुखत काहून नाही?"

"दुखणार नाही. तेच वाईट आहे."

लवकर केलं तर आतली प्लास्टिकची वाटी आणि गोळा एवढंच बदलायचं. उशीर केला तर गोळा प्लास्टिक फोडून धातूच्या वाटीला लागेल, धातूवर धातू घासेल, मग सगळंच उपटावं लागेल. तेव्हा हाड किती उरलंय त्यावर पुढचं चालणं. आणि केलं तरी रोवणी बंद.

मी म्हटलं, पाहू. जे दुखत नाही ते कापून घ्यायचं आणि वरून रोवणी सोडायची, हा सौदा मला पटला नाही. गावात रोवणीला पहिली पात माझी असते. बायांची रांग लागते तेव्हा प्रत्येकीच्या वाट्याला जो पट्टा येतो ती तिची पात. कडेची पहिली पात जिची, तिच्या हाताने बाकीच्यांचा वेग ठरतो आणि रांग सरळ राहते. माझ्या सासूनंतर ती मला मिळाली. त्या पावसाळ्यात मी पुन्हा रोवणीला गेले.

त्याच दवाखान्याच्या बाकावर मला पार्बताबाई भेटली होती. ती हातात वॉकरची चौकट धरून चालत होती. तिचा पहिला खुबा काढून दुसरा बसवलेला. माझी गोष्ट ऐकून म्हणाली, "माहा काढलेला मी मांगून घेतला. घरीच हाये. मानेपाशी काळाकुट्ट झाला होता. यकडाव येऊन पाहून जा."

एक्सरे म्हणजे सावली. सावली पाहून मी आजवर काही विकत घेतलं नाही. म्हणून धान मळून झाल्यावर, धानामागून पेरलेली लाखोरीची डाळ शेतात हिरवी असताना, फेब्रुवारीत मी निघाले. शांता म्हणाली, "मी बी येतो, बाई." मला वाटलं तिला भंडाऱ्याला पाणी भरायचा पितळेचा गुंड पाहायचा असेल. ती बऱ्याच दिवसांपासून म्हणत होती.

भंडारा

कारध्याच्या पुलावरून वैनगंगा लागते. पात्रात पाण्यापेक्षा रेती जास्त होती. पूल ओलांडला की भंडारा. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा गावागावांत भाषणं झाली होती. आमच्या दिघोरीला काही फरक पडला नाही, आमची कामं आधीही भंडाऱ्याला होती आणि आताही तिथेच आहेत.

स्टँडवर उतरलो आणि बस निघून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की माझं स्टूल आत राहिलं. हे स्टूल विलासने वेल्डिंगवाल्याकडून करून दिलेलं, मधे गोल भोक पाडलेलं. मी कुठेही गेले की जुन्या लुगड्यात गुंडाळून सोबत नेते, कारण स्टँडवरचे संडास सगळे उकिडवे बसायचे. ज्यांचे खुबे शाबूत आहेत त्यांना हे कळणार नाही.

"बाई, तुमचं सिंहासन गेलं," शांता म्हणाली.

"तू काय पाहून राहिली होती?"

"मी माही थैली पाहून राहिली होतो. तुमचं राज्य तुमी पाहा."

चौकशीच्या खिडकीत सांगितलं. आतल्या माणसाने विचारलं, स्टूल कसलं? मी कसलं ते सांगितलं. मागच्या रांगेतले चार लोक एकदम दुसरीकडे पाहायला लागले. स्टूल मिळालं नाही. मी मोहाडीपुढे जाईपर्यंत पाणी प्यायले नाही.

पुढच्या बसला वेळ होता म्हणून शांतासोबत भांड्यांच्या गल्लीत गेले. भंडाऱ्याच्या पितळेचं नाव आहे. आता दुकानांत स्टील जास्त, पण मागच्या अंगाला ठोकण्याचा आवाज येत होता, आणि मला कमी ऐकू येतं, तरी ऐकू आला म्हणजे चांगलाच मोठा असणार. शांताने गुंडांची किंमत विचारून ते सगळे नाकारले. मी मोडीतल्या भांड्यांपाशी उभी होते. एका गुंडाचं बूड घासून घासून इतकं पातळ झालं होतं की बोटाने दाबलं तर आत जाई. दुसऱ्या एका गंजाला, म्हणजे पातेल्याला, आतून बारीक खड्डे होते, देवीचे व्रण असतात तसे. दुकानदार म्हणाला, त्यात कोणी आंबट काही ठेवलं असेल, कल्हई उडालेली. "घासून झिजते ते एक, आजी, आन् खाऊन जाते ते दुसरं. दोन्हीचं भंगार यकाच भावात."

शांताने शेवटी काही घेतलं नाही. मी म्हटलं, मग आली कशाला? ती म्हणाली, "हवा खायले."

आंधळगाव

मोहाडीहून फाट्याने आत गेलो तेव्हा ऊन उतरलं होतं. धानाचे बुडखे राहिलेल्या बांध्या आमच्यासारख्याच, पण गावात शिरलं की आमच्या गावापेक्षा वेगळा आवाज. घराघरातून हातमागाची खटखट. आमच्याकडे या दिवसांत दुपारी गाव झोपतं. इथे म्हातारी माणसंसुद्धा हात चालवत बसलेले होते. आमच्या गावात हातावर चिखल दिसतो, इथे बोटांवर धाग्याचे कापलेले बारीक व्रण.

पार्बताबाई दारातच चौकट धरून उभी होती. मी जयभीम म्हटलं, तिने रामराम म्हटलं, आणि मी आधी विचारलं की संडास कसा आहे. ती म्हणाली, "खुर्चीचा. माहीत नाही का, आपुन यकाच जातीच्या झालो आता." मी आत गेले आणि बाहेर आले तेव्हा तिच्याबद्दल माझं मत चांगलं झालेलं होतं.

रात्री जेवायला कोंबडीचा रस्सा होता, कोष्ट्यांच्या घरचा, काळा आणि तिखट. आमच्याकडे तळ्यातले झिंगे आणि वांगं असतं, तिखट आम्हीही खातो, पण या रश्शाने कानातून धूर निघाला. शांता दोनदा नाक पुसून म्हणाली, "बाई, यानं तुमचा कान उघडंल." आम्ही दोघी म्हाताऱ्या खुर्च्यांवर बसून जेवलो आणि बाकी सगळे खाली पाटावर. घरच्या सुनेने, मंदाने, आमची ताटं स्टुलावर ठेवली. खुर्चीवर बसून जेवणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या घरी नेहमी अवघडल्यासारखं होतं. इथे झालं नाही.

सकाळी मंदाने डबा आणला. स्टीलचा, घट्ट झाकणाचा, चिवडा ठेवतात तसा. पार्बताबाईने तो मांडीवर घेतला आणि माझ्याकडे पाहत उघडला.

आतली वस्तू चमकत होती.

दांडा माझ्या वितीएवढा, वरती मान, आणि वेगळा ठेवलेला गोळा, लिंबापेक्षा थोडा लहान. सगळं आरशासारखं लख्ख. मी हातात घेतलं. जड होतं. कुठेही काळं नव्हतं.

"हा तर नवाच दिसते," मी म्हटलं.

पार्बताबाई डब्यात पाहतच राहिली. मग तिने हाक मारली, "मंदा! वो मंदा! हे काय केलं वो तू?"

मंदा ओले हात पुसत आली. "काय झालं, आत्याबाई?"

"याचं काळं कोठी गेलं?"

"दिवाळीले घासलं नं मी. सारे पितळेचे भांडे काढले होते, त्याच्यातच हे बी घासलं. चिंच लावली, राख लावली. लई मळकट दिसे."

"मळकट! अवो, तो मळ नव्हता. तेच दाखवाले ही बाई दिघोरीहून आली."

"मले काय मालूम? तुमीच म्हणता डब्यात काही मळकं ठेवू नको."

शांता हसून हसून भिंतीला टेकली. मला हसू आलं नाही. दोन बस बदलून, स्टूल हरवून, तहानलेली मी इथवर आले होते ते काळं डोळ्याने पाहायला, आणि ते चिंचेच्या पाण्यासोबत मोरीतून वाहून गेलं होतं. मंदाचा दोष नव्हता. आमच्या घरी तो डबा असता तर माझ्या सुनेने हेच केलं असतं, मी स्वतःही केलं असतं. घरात आलेली धातूची वस्तू सणाला घासायची असते.

पार्बताबाई म्हणाली, "थांब. नखानं पाह्य." तिने माझं बोट धरून दांड्याच्या मानेवर फिरवलं, जिथे गोळा अडकवतात तिथे. वरून लख्ख होतं, पण नखाला लागलं. बारीक बारीक खड्डे. खिडकीपाशी नेऊन पाहिलं तर प्रत्येक खड्ड्याच्या बुडाशी काळा ठिपका होता. चिंच तिथवर पोचली नव्हती. डॉक्टरने तिला सांगितलं होतं की गोळा आणि मान यांच्या जोडात अंगातलं खारं पाणी शिरतं, चालताना तो जोड कळत नाही इतका हलतो, आणि ते दोन्ही मिळून धातूला खातात. आदल्या दिवशी गंजाच्या पोटात पाहिलेले व्रण असेच होते. फरक एवढाच की तो गंज बाईच्या कमरेत नव्हता.

मग तिने फडक्यात गुंडाळलेली प्लास्टिकची वाटी काढली. ती मंदाने घासलेली नव्हती, प्लास्टिकला कोण चिंच लावतं. पिवळी पडलेली, पेल्याच्या बुडाएवढी. एका बाजूने जाड होती. दुसऱ्या बाजूने बोट फिरवलं तर पातळ होत होत नखासारखी झालेली आणि तिथेच फुटलेली. फुटलेल्या जागेतून मला माझं बोट दिसलं.

"तुमी कोणतं काम करत होत्या?" मी विचारलं.

तिने लुगडं गुडघ्याच्या वर सरकवलं आणि मांडी दाखवली. कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, धागा काढायची जुनी रीत अशी की उकडलेल्या कोशातून तंतू ओढायचे आणि उघड्या मांडीवर तळहाताने वळायचे. तिच्या मांडीवर एक पट्टा होता, बैलाच्या खांद्याला असतो तसा, जाड, गुळगुळीत, केस न उगवणारा घट्टा.

"जमिनीवर बसू नका म्हणे," ती म्हणाली. "मी जमिनीवर कोठी बसली? पाटावर बसली. यक पाय दुमडून, यक पसरून. पाटावर बसू नका असं कोनं म्हटलं नाही."

शांता म्हणाली, "आमच्या बाईनंबी तसंच केलं. बसू नका म्हटलं, तं उभ्यानं वाकली."

मी पार्बताबाईच्या त्या घट्ट्याकडे पाहत राहिले. माझ्याही डाव्या मांडीवर, कोपर टेकतं तिथे असाच आहे. अंगाला घासलं की अंग त्या जागी जाड होतं. सोलतं, रक्त येतं, मग कातडी आपली आपण दुप्पट होऊन बसते. मी जन्मभर शरीर असंच ओळखत आले. काम केलं की घट्टा पडतो आणि घट्टा पडला की दुखणं थांबतं. बसवलेल्या खुब्यालाही मी हेच लावलं. रोज वापरला म्हणजे रुळेल, दुखत नाही म्हणजे रुळला. त्या वाटीला घट्टा पडणार नव्हता. ती माणसाने केलेली वस्तू होती, पहिल्या दिवशी जेवढी तेवढीच, आणि दर पावलाला थोडी कमी. जात्याचा दगड झिजतो तेव्हा त्याची कच पिठात येते आणि भाकर दातात कचकचते, निदान कळतं. इथे कच हाड खात होती आणि हाडाने काही सांगितलं नव्हतं.

"तुमाले दुखलं नाही?" मी पार्बताबाईला विचारलं.

"नाही. मले पहिले आवाज आला. उठली का किर्र करे. मंदाले आयकू जाये. मी म्हणे खाट वाजते. यक दिवस पाटावरून उठली आन् पाय भलतीकडंच फिरला. मंग पुरं उपटा लागलं, हाड बी फुटलं. म्हणून हे." तिने चौकटीवर हात आपटला. "आता खाली बसनं नाही का धागा काढनं नाही. पोरगं माग चालवते, मी पाहत रायतो."

मग शांता म्हणाली, आणि ती हसत नव्हती:

"बाईचा बी वाजते."

"काय?"

"तुमचा खुबा. वाजते."

"कधीपासून?"

"ह्या रोवणीपासून. शेवटच्या शेवटच्या बांधीत. मी दुसऱ्या पातीले रायतो नं, तुमच्या बाजूलेच. तुमी वाकल्या का किर्र, उठल्या का किर्र. चिखलाचा आवाज नाही तो."

"आन् तू मले आता सांगून राहिली?"

"तुमाले आयकू येते का? आन् आलं तरी आयकता का तुमी? विलासनं सांगलं, डॉक्टरनं सांगलं. माहं कोण आयकते? म्हणून म्हटलं, चला, आंधळगावले जाऊ, त्या बाईच्या तोंडून तरी आयकाल."

तर ती गुंडासाठी आली नव्हती. मी खुर्चीत बसून होते. तिच्यावर ओरडावं असं वाटलं. सहा-सात महिने माझ्या कमरेत धातू धातूवर घासत होता, सगळ्या रोवणेकरी बायांनी तो ऐकला असणार, आणि मी पहिल्या पातीवर ताठ मानेने मागे सरकत होते.

पार्बताबाईने शांताला म्हटलं, "आता उठवून पाह्य बरं."

मी उठले. मला काही ऐकू आलं नाही. त्या दोघींनी आणि मंदाने एकमेकींकडे पाहिलं, आणि मला विचारायची गरज राहिली नाही.

पुन्हा भंडारा

दुपारच्या बसने निघालो ते घरी न जाता सरळ डॉक्टरकडे. शांताने वाटेतून विलासला फोन केला. पार्बताबाईने निघताना मला एक जुनं, भोकाचं स्टूल दिलं, तिच्याकडे दोन होती. मी नको म्हटलं नाही.

डॉक्टरने नवा एक्सरे काढला आणि जुन्याच्या शेजारी लावला. या वेळी मला दाखवावं लागलं नाही. मागच्या वेळी गोळा आणि वाटी यांच्यात बारीक फट होती. आता एका जागी नव्हती. मागचे काळे डाग मोठे झाले होते.

"लागला का धातूले?" मी विचारलं.

"लागलाय."

"मंग पुरं उपटाल?"

"वाटी हाडात घट्ट असेल तर नाही. एक्सरेवरून सांगता येत नाही. उघडल्यावर हलवून पाहावी लागेल. हलली तर काढावी लागेल."

"काढली तर चौकट?"

त्यांनी आधी पुन्हा एक्सरेकडे पाहिलं. मला ते आवडलं. गोड बोलणारा डॉक्टर मला चालत नाही.

"कदाचित," ते म्हणाले. "मागच्या उन्हाळ्यातच करून घेतलं असतं तर असं म्हणालो नसतो."

विलास तोवर मोटारसायकलवर पोचला होता. तो काही बोलणार होता, शांताने त्याच्या हाताला चिमटा काढला. मी डॉक्टरला म्हटलं, करा. तारीख द्या. आणि एक सांगा, नीट झालं तर रोवणी?

"नाही."

"थोडी? कडेची यक बांधी?"

"आजी, वाटीचा काठ तुमच्या वाकण्याने फोडला. नवाही तेच फोडेल. चाला, जिना चढा, धुऱ्यावरून फिरा. वाकायचं नाही."

परतीच्या बसमध्ये शांता खिडकीशी बसली होती. लाखनीच्या पुढे मी तिला म्हटलं, "पहिली पात तुही."

"माही? माही रांग वाकडी जाते, बाई. तुमीच शिव्या देता."

"देईन."

दिघोरी

ऑपरेशन होळीच्या आधी झालं. शुद्धीवर आल्यावर मी पाय विचारला नाही, वाटी हलली का ते विचारलं. हलली नव्हती. धातूवर चरा पडला होता, सांध्यातलं मांस शाईसारखं काळं झालं होतं, ते त्यांनी खरवडून काढलं आणि हाडातले खड्डे भरले. नवी प्लास्टिकची वाटी बसवली, नवा गोळा बसवला. मी काठी घेऊन चालते. चौकट लागली नाही. पार्बताबाईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरं झालं. मला तिला ते सांगताना बरं वाटलं नाही, पण खोटंही सांगवलं नाही.

आषाढात रोवणी लागली. विलासने धुऱ्यावर खुर्ची नेऊन ठेवली. मी बसले नाही, काठी टेकून उभी राहिले. बाया बांधीत उतरल्या, शांताने कडेची पात धरली. अर्धी बांधी होईपर्यंत रांग बरी होती. मग ती वाकडी व्हायला लागली. शांता भराभर सरकत होती, दुसऱ्या पातीची मागे राहिली, मधे चिखल रिकामा दिसायला लागला. मी ओरडले. पावसात तिला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं असेल.

धुऱ्यावरून बांधीत पाय टाकायला काही लागत नाही. जुड्या माझ्या पायाशीच पडल्या होत्या. मी एक जुडी काठीने ढकलून शांताच्या बाजूला पाण्यात लोटली आणि न वाकता धुऱ्यावरच उभी राहिले. बांधी संपली तेव्हा रांग वाकडीच होती.